तळचं ऊन

खैरगावच्या पोडामागं, पळसाच्या खुंटांमध्ये
कोळसेवाल्यांनी टाकून दिलेलं एक भोक आहे.
चार बोटं रुंद, तीनशे दहा मीटर खोल.
कोळसा लागला नाही. आमच्या वहीत ते सतरा नंबर.

माझं काम सोपं: तारेला बांधलेला तापमापक
खाली सोडायचा, दर दहा मीटरला थांबायचं,
आकडा स्थिरावला की उतरवून घ्यायचा.
मे महिना. वर सेहेचाळीस.
तीस मीटरवर एकोणतीस.
"माठावानी थंड हाय मंग," जंगूबाई टेकाम म्हणाली.
तिला रोजानं धरलंय, तारेचं चाक फिरवायला.
तिच्या दोन शेळ्या जीपच्या सावलीत.

शंभरला एकतीस.
दोनशेला चौतीस.
चाक थांबवून तिनं विचारलं,
"खाली उतरत चाल्लो, सूर्य मांगं राह्यला,
मंग हे तपते काहून?"

मी म्हणालो, निम्मी ऊब जुनी,
पृथ्वी घडली तेव्हाची, अजून निवायची आहे.
बाकीची रोजची, ताजी.
बैलगाडीभर खडकात चिमूटभर असतं,
युरेनियम, थोरियम, असली नावं.
कुणी हात न लावता त्याचे कण झिजतात,
क्वचित एखादा तर मधोमध फुटतो,
डाळीसारखा, दोन फाका,
आणि प्रत्येक वेळी थोडी धग सुटते.
"थोडी म्हंजे केवढी?"
तीन एकर रानातली सगळी गोळा केली
तर एक इस्त्री तापेल.
ती हसली. तिच्याकडे दीड एकर आहे.

मग मी तिला आफ्रिकेतल्या एका खाणीबद्दल सांगितलं.
दोनशे कोटी वर्षांपूर्वी, माणूस काय, झाडसुद्धा नव्हतं,
तिथला खडक आपोआप पेटला.
ज्वाळ नाही, धूर नाही.
फटीतून पाणी झिरपलं की आतले अणू
एकमेकांना फोडत सुटायचे,
पाणी उकळून गेलं की गप्प,
पुन्हा झिरपलं की पुन्हा चालू.
अर्धा तास चालू, अडीच तास बंद.
लाखो वर्षं हेच.

"आमच्या लाइनीवानी," ती म्हणाली.
"बिल कोन भरे?"

मी हसत होतो, ती हसत नव्हती.
"पान्यानं इस्तो पेटला म्हंता?"
मी वहीत न्यूट्रॉन काढायला घेतले,
वेगानं धावणारे, पाण्यात अडखळून हळू होणारे,
हळू झाले की नेमके लागणारे.
पेन्सिल मोडली.

तिनं बाही वर केली.
मनगटापासून कोपरापर्यंत पांढरट, सुरकुतलेली कातडी.
"राजूरच्या चुनाभट्टीवर बारा वर्सं होती मी.
कळीचा चुना. हातात घ्या, थंडगार.
त्यावर तांब्याभर पानी वता,
खदखदून अंगावर येते.
त्यात अन् तुमच्यात फरक असंन, मले नाय ठाव.
पन पान्यानं पेटते, हे मले सांगू नका."

फरक होता. तिथं चुना नि पाणी एक होतात,
इथं पाणी नुसतं मध्ये उभं राहतं.
मी तो सांगितला नाही,
निदान त्या वेळी नाही.

तीनशेला तार थांबली.
डब्यावरचा आकडा थोडा हलला, मग हलेना.
सदतीस.
"म्हंजे?"
म्हणजे तुमच्या अंगाला असतं तेवढं.
तिनं भोकाच्या लोखंडी तोंडावर तळहात ठेवला,
चटका बसला, काढला,
ते वरचं ऊन होतं.
मग कान लावायला वाकली.
काय ऐकलं ते बोलली नाही.
मीही कधी वाकलो नव्हतो, नऊ वर्षांत.

तेवढ्यात काबऱ्या शेळीनं वही गाठली.
दोनशे दहा ते दोनशे चाळीस, चार ओळी,
कडेच्या न्यूट्रॉनांसकट गिळल्या.
"सोडा," जंगूबाई म्हणाली, चाकाला हात घालत,
"ते कुठं निवून चाल्लं?"